फ्रँकोनिया रिजच्या ट्रेकविषयी आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुलै महिन्यातील शनिवारी आमच्यासोबत केलेल्या, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमधल्या फ्रँकोनिया रिज या डोंगरधारेच्या ट्रेकला आपण एकच तारा दिला आहे आणि त्याची कारणेही सविस्तर मांडली आहेत. आपले म्हणणे थोडक्यात असे : 'मध्यम' म्हणून सांगितलेली वाट प्रत्यक्षात दगडांची उभी शिडी निघाली, तिला ना कठडा, ना धड फलक, आकाश निळे असताना मार्गदर्शकाने लिटल हेस्टॅक या धारेवरच्या पहिल्याच शिखराच्या माथ्यावरून सर्वांना परत फिरवले, तो आपल्या मुलावर चारचौघांत ओरडला, आणि लाफायेट शिखर पाहायलाच न मिळूनही आम्ही पैसे परत करण्यास नकार दिला. हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी मार्गदर्शकाशी दोनदा बोललो, त्याची वेळांची नोंदवही पाहिली आणि आपल्याच गटातील आणखी एका कुटुंबाकडूनही त्या दिवसाची हकीकत ऐकून घेतली.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या पत्रकात 'सुमारे १४ किलोमीटर, मध्यम' एवढेच छापलेले होते. अंतर बरोबर होते, परंतु या १४ किलोमीटरमध्ये (सुमारे नऊ मैलांत) जवळजवळ ३,९०० फुटांची चढाई आहे हे त्यात कोठेही नव्हते, आणि डोंगरातल्या वाटेचे अंतर सांगून चढाई न सांगणे म्हणजे अर्धीच माहिती देणे होय. या भागात वेळेचा अंदाज बांधण्याची रूढ रीत अशी आहे की, दर मैलाला अर्धा तास धरावा आणि दर हजार फूट चढाईसाठी आणखी अर्धा तास मिळवावा. त्या हिशेबाने कोठेही न थांबणाऱ्यालाच साधारण साडेसहा तास लागतात. मुलांना घेऊन, जेवणासाठी थांबत, ओढे ओलांडत जाणाऱ्या गटाचे आठ-नऊ तास सहज जातात. हा हिशेब आम्हाला ठाऊक होता. आपल्याला तो आम्ही दिला नाही.

आपण लिहिले आहे की कळसूबाई दोनदा केलेल्या माणसाला तिच्यापेक्षा कमी उंचीचा डोंगर अवघड सांगू नये. उंचीचे म्हणाल तर ते खरेच आहे : कळसूबाई ५,४०० फूट आणि लाफायेट ५,२४९ फूट. मात्र न्यू हॅम्पशायरचे हे डोंगर उत्तरेला ४४ अंश अक्षांशावर आहेत आणि वारा व थंडी यांमुळे येथे साडेचार-पाच हजार फुटांच्या आसपासच झाडे संपतात. त्यावर खुरटी झुडपे, दगड आणि वारा. याच वनक्षेत्रातील माउंट वॉशिंग्टन अवघा ६,२८८ फुटांचा आहे, तरी त्याच्या माथ्यावर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेला. कळसूबाई चढणाऱ्याचा दम येथे कमी पडत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. अडचण येते ती हवेची.

कठडे आणि फलकांबद्दल. आपण ज्या नॅशनल पार्कशी तुलना केली आहे, तेथील डांबरी पायवाटा आणि शटल बस मीही वापरल्या आहेत. हे मात्र नॅशनल फॉरेस्ट आहे. ते कृषी खात्याच्या वनसेवेकडे असते आणि तेथे लाकूडतोडीपासून शिकारीपर्यंत अनेक उपयोगांना जागा असते. पूर्वेकडील बेसुमार तोड झालेले डोंगर सरकारला विकत घेता यावेत म्हणून १९११ मध्ये वीक्स कायदा झाला आणि त्यातूनच १९१८ मध्ये व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट उभे राहिले. (आपण गाडी लावली ती जागा आणि वाटेचा खालचा भाग राज्य उद्यानात येतो, त्यामुळे तेथील सोयी वर अपेक्षित धरल्या जातात.) येथील बऱ्याच जुन्या वाटा नागमोडी वळणे न घेता सरळ चढतात; पाऊस आणि पावले यांनी माती वाहून गेली की खालचे दगड उघडे पडतात, आणि आपण ज्याला शिडी म्हणालात ती अशी तयार होते. आपण चढलात त्या फॉलिंग वॉटर्सच्या वाटेवर झाडांवर निळे पट्टे आहेत, माथ्यावरून धारेवर पांढरे पट्टे लागतात. तेच येथले फलक. निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढून हे समजावून सांगायला हवे होते आणि ते राहिले.

आता परत फिरण्याविषयी, कारण आपला खरा राग त्यावर आहे. त्या दिवशी दुपारी दोननंतर गडगडाटी पावसाचा अंदाज होता आणि लिटल हेस्टॅकवर पोहोचण्याची मर्यादा मार्गदर्शकाने दुपारी १२ वाजताची ठरवली होती. नोंदवहीप्रमाणे गट ७ वाजून ५० मिनिटांनी निघाला, क्लाउडलँड धबधब्यापाशी १० वाजून ५ मिनिटांनी होता आणि माथ्यावर पोहोचला तेव्हा १ वाजून १० मिनिटे झाली होती. डोक्यावर आकाश निळेच होते; पण खिंडीपलीकडे, पश्चिमेला, कॅनन डोंगराच्या मागे ढग फुलकोबीसारखे वर चढू लागले होते. तेथून लाफायेटपर्यंतची १.७ मैलांची धार जवळजवळ पूर्णपणे उघडी आहे, आणि मधूनच खाली उतरायला एकही वाट नाही. लहान मुलांसह तिला दीड तास लागला असता. प्रत्यक्षात ते ढग उत्तरेकडे सरकले आणि आपल्या गटावर थेंबही पडला नाही, हेही मी लपवत नाही. तरीही १ वाजून १० मिनिटांनी जे दिसत होते त्यावरून घेतलेला तो निर्णय बरोबरच होता, आणि तशीच परिस्थिती पुन्हा आली तर आमचा मार्गदर्शक पुन्हा तेच करील.

परतताना धबधब्यांच्या तुषारांनी ओल्या झालेल्या दगडांवरून उतरावे लागले आणि आपल्या पत्नी घसरल्या, याचे मात्र मला मनापासून वाईट वाटते. ही वाट चढायला बरी, उतरायला वाईट. म्हणूनच आम्ही एरवी ओल्ड ब्रायडल पाथ या दुसऱ्या वाटेने उतरतो.

मुलाचा प्रसंगही मी समजून घेतला. तो कडेच्या दगडांची रांग ओलांडून ज्या हिरव्या उशीवर बसायला गेला, ती डायपेन्सिया नावाची वनस्पती आहे : जमिनीला चिकटून, जेमतेम बोटभर उंच, अतिशय सावकाश वाढणारी. वाऱ्याला ती पुरून उरते, बुटाला नाही. त्याला अडवणे योग्यच होते. परंतु आठ वर्षांच्या मुलाला खाली बसून ते रोप दाखवता आले असते. ओरडण्याचे काही कारण नव्हते. मार्गदर्शकाने ते मान्य केले आहे आणि मीही आपली क्षमा मागतो.

पैशांबाबत : हवेमुळे परत फिरल्यास शुल्क परत मिळत नाही, हा नियम नोंदणीच्या वेळी आपल्याला दिला होता आणि तो मी बदलत नाही. मात्र चढाईचा आकडा दिला असता तर आपण कदाचित दुसरा ट्रेक निवडला असता किंवा पहाटे निघालो असतो, आणि ती चूक हवेची नसून आमची आहे. म्हणून आपल्या चौघांच्या शुल्कातील निम्मी रक्कम, आपण ज्या कार्डाने भरली होती त्याच कार्डावर, या आठवड्यात जमा होईल. पत्रकात आता 'अवघड', चढाई आणि लागणारे तास असे तिन्ही छापले आहे, आणि निघण्याची वेळ सकाळी साडेसहा केली आहे. रक्कम आली नाही तर पावतीचा क्रमांक कळवावा. मी स्वतः पाहीन.

आपला नम्र,
संचालक