‘एक आई’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

ताई, नमस्कार. ताई म्हणते, कारण नाव तुम्ही लिहिलेलं नाही, नुसतं ‘एक आई’. मी आजी आहे आणि स्वतःच्या नावानं लिहिते. असो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गेल्या आठवड्यात मी ‘नातीची मापाची वही’ असा लेख टाकला होता. ती २०१२ साली जन्मली तेव्हापासून दर दिवाळीला तिचे कपडे शिवताना मी वहीत मापं टिपत आले. त्या आकड्यांवरून ती कशी वाढत गेली ते लिहिलं होतं. त्यावर या ताईंचं म्हणणं असं: तान्ह्या बाळाला गुटीतून मध चाटवला हा अडाणीपणा. मोठ्या होत चाललेल्या मुलीच्या कमरेचं माप तिला न विचारता चारचौघांत मांडलं. अख्ख्या लेखात सुनेचा उल्लेख नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘आजी, हे प्रेम नाही, ही मालकी आहे. नात म्हणजे तुम्ही शिवलेली वस्तू नव्हे.’

मधाचं तुमचं बरोबर आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून पोटात विष तयार होणारा आजार होऊ शकतो, हे आता डॉक्टरही सांगतात. मी सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ उगाळून बोटभर मधातून चाटवायची, कारण माझ्या सासूबाईंनी मला तसंच शिकवलं. लेखात त्या ओळीखाली आता ‘असं करू नका’ असं ठळक लिहिलं आहे. चूक ती चूक. पण ती सांगायला ‘अडाणी’ हा शब्द कशाला लागला? ‘आजी, मध नका देऊ’ एवढ्यानं भागलं असतं. १९६८ साली सातवीनंतर माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे सोडवली. तेव्हा अडाणी म्हणवून घ्यायची सवय आहे, पण निदान ते तोंडावर म्हणणाऱ्यांकडून.

आता ते शेवटचं वाक्य. शिवलेली वस्तू.

तुम्ही कधी शिवणकाम केलंय का, ताई? मी चाळीस वर्षं केलं. इचलकरंजीत, दोन खोल्यांच्या घरात, उषाच्या पायमशीनवर. मालक मागावर रात्रपाळीला, आणि मी दिव्याखाली लोकांची पोलकी, झबली, शाळेचे गणवेश शिवत बसलेली. एवढ्या वर्षांत मी जे शिवलं त्यातलं माझ्या मालकीचं काय राहिलं? काहीच नाही. शिवलेलं कापड गिऱ्हाईक घेऊन जातं. शिवणाऱ्याकडे मागे राहतात ते कोणी न्यायला न आलेले कपडे, त्यांचे पैसेही बुडालेले असतात. तेव्हा ‘शिवलेली वस्तू’ म्हणजे मालकी, हे ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही तोच लिहू शकतो. रागावू नका. खरं ते बोलते.

आणि शिवणकामात एक शब्द आहे, तो तुमच्या कानावर गेला असेल-नसेल. कापड बेतताना मापापेक्षा इंच-दीड इंच जास्तीचं आत सोडतात, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो. ‘बाजूला माया किती सोडलीय?’ असं विचारतात. लहान मुलीचं असेल तर परकराला खाली टकही घालतात, वर्षानं एक टक उसवला की परकर पुन्हा घोट्यापर्यंत येतो. वाढत्या अंगाचं शिवायचं असतं. ज्याला पोर आहे तेवढंच राहावं असं वाटतं तो माया कशाला सोडेल? माझ्या वहीत प्रत्येक मापापुढे माया किती सोडली तेही लिहिलेलं आहे. लेखात तो भाग होता. तुम्ही तो वाचलात की थेट कमरेवर आलात?

तुम्हाला वाटतं मी मिरवते. मिरवते, बाई. हो, मिरवते! माझ्या सासूबाई पोराचं कौतुक कुणी केलं की लगेच त्याच्या गालाला काजळ लावायच्या. ‘बरं आहे हो, किरकिरं आहे जरा,’ असं मुद्दाम म्हणायच्या, दृष्ट नको म्हणून. मी जन्मले तेव्हा तर दृष्टीचीही काळजी कुणाला नव्हती, तिसरी मुलगी. थोरलीचं पोलकं मधलीला, मधलीचं मला, आणि माझ्यापर्यंत येईतो त्यात उसवायला काही शिल्लक राहिलेलं नसायचं. माझं माप पहिल्यांदा घेतलं गेलं ते लग्नाच्या ब्लाउजसाठी. त्या बाईनं नातीच्या पहिल्या बोरन्हाणाला काळ्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यांचं झबलं शिवलं, हलव्याचे दागिने घातले, अख्ख्या गल्लीला बोरं-कुरमुरे लुटायला बोलावलं, आणि बारा-तेरा वर्षांनी ते लिहून काढलं, तर ‘तुमच्या पिढीला नातवंडं मिरवायची हौस’ हे ऐकून घ्यायचं. माझ्या पिढीला ती हौस नव्हतीच. मला आहे. माझी एकटीची आहे.

पाच वर्षांची होईतो ती माझ्याकडे होती. २०१७ साली मुलगा आणि सून पुण्याला गेले आणि मग ती मला दिवाळी ते दिवाळी दिसायला लागली. म्हणून तर वही! जे पोर रोज डोळ्यांसमोर असतं त्याची वाढ कळत नाही. मला एकदम कळायची, टेप लावल्यावर. २०१९च्या दिवाळीत ४८ इंच. पुढच्या मार्चमध्ये ती चार दिवसांसाठी आली आणि लॉकडाऊन लागला, तो मुक्काम जूनपर्यंत लांबला. माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता, ऑपरेशन पुढे ढकललेलं. मी कापडाचे मास्क शिवत होते आणि सुईत दोरा ती ओवून द्यायची. बॉबिन भरायला शिकली. एक दिवस मशीनखाली बसून माझ्या पायांकडे बघत म्हणाली, ‘आजी, तू चालतेस पण कुठे जातच नाहीस.’ आठ वर्षांचं पोर! हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं, आता लिहिते, कारण मालकीचा विषय तुम्ही काढलात. त्या चार महिन्यांत कोण कुणाच्या हाताखाली होतं ते तुम्हीच ठरवा.

सुनेच्या उल्लेखाबद्दल: तिनं लेख वाचलाय. तिला काही म्हणायचं असेल तर तिच्याकडे माझा नंबर आहे.

राहिलं कमरेचं माप. आमच्या गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला. तेव्हापासून इथे घरटी कुणीतरी सुताच्या नाही तर कापडाच्या धंद्यात असतो. माप हा आम्हाला लाजण्याचा विषय वाटत नाही. शिवणारीला कंबर म्हणजे एक आकडा, उंची म्हणजे दुसरा. त्यात वाईट शोधणाऱ्याच्या नजरेत वाईट असतं, असं मी लिहिणार होते. लिहिलंच म्हणा.

पण तुमची प्रतिक्रिया नातीनंही वाचली. आजकाल ही पोरं सगळं वाचतात. रविवारी फोनवर मी तिला सरळ विचारलं, काढू का गं ते आकडे? ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, ‘काढलेस तरी चालेल, आजी.’

चालेल म्हणाली. काढ असं नाही म्हणाली, हे लक्षात घ्या.

तरी काढलेत. कमरेचे सगळे काढलेत, २०१५पासूनचे. उंचीचे ठेवलेत, ते मी काढणार नाही. उंची रस्त्यानं जाणाऱ्या माणसालाही दिसते. आता ती साडेसाठ इंच आहे, माझ्यापेक्षा अडीच इंच उंच, आणि हे मी जिन्यात, भाजीवालीकडे, बँकेत, सगळीकडे सांगते.

यंदा तिला परकर नको म्हणे. पँट पाहिजे, खोल खिशांची, मोबाइल बसेल अशी. मी आजवर पँट शिवलेली नाही. गल्लीतल्या एका टेलरकडून बेतायचं शिकून घेतेय, या वयात. पँटला कंबर लागतेच, ताई, तिच्याशिवाय बेतता येत नाही. ती तिला विचारून घेईन आणि वहीत लिहीन. इथे नाही. झालं समाधान?