फँटसीत 'काहीही चालतं' हे साफ खोटं आहे

गेले काही दिवस एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, 'फँटसी म्हणजे नक्की काय, पाच मुद्द्यांत समजून घ्या' अशी. मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आली आणि तिन्ही वेळा मी वाचून सोडून दिली, कारण प्रत्येक फॉरवर्डला उत्तर देत बसलं तर दिवस पुरायचा नाही. पण चौथ्यांदा ती आली माझ्या भाचीकडून, आणि सोबत एक ओळ होती, "मावशी, मी उगाच एवढा विचार करत बसले होते गं, हे वाच." मग मात्र राहवलं नाही.

भाची पंधरा वर्षांची आहे आणि सहा-सात महिने एक गोष्ट लिहितेय, दोनशे पानी वहीत, पेनाने. गोष्टीत एक पूल आहे. पुलापलीकडे जे मागाल ते मिळतं, पण ओलांडताना दर खेपेला तुमची एक आठवण पुलाकडे राहते, आणि कुठली ठेवायची ते तुमच्या हातात नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तिने पट्टीने रेघा मारून तक्ता केला होता, कोण कितव्यांदा गेलं, काय आणलं, काय विसरलं. त्यातल्या एका ओळीत भाऊ चौथ्या खेपेला घरचा रस्ता विसरतो, आणि तेवढ्यावरून पुढची तीन प्रकरणं, कारण मग बहीण त्याला शोधायला निघते. म्हणजे अख्खी गोष्ट त्या तक्त्यातून उगवत होती. ही पोस्ट वाचल्यावर तिने तक्त्यावर एक मोठी तिरकी रेघ मारली आणि शेवट बदलला. बहीण पूल ओलांडते, काहीच विसरत नाही, भावालाही सगळं आठवतं, संपलं. का असं केलंस विचारलं तर म्हणाली, अगं फँटसीला नियम नसतात ना.

तर पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं. एक, जे प्रत्यक्षात घडू शकत नाही ते सगळं फँटसी, मग विज्ञानकथा असो की भुताची गोष्ट. दोन, ड्रॅगन, तलवारी, किल्ले असले की फँटसी, नसले की नाही. तीन, महाभारत ही जगातली पहिली फँटसी. चार, फँटसीला नियम नसतात, लेखक अडकला की जादू वापरायची, म्हणून हा लिहायला सगळ्यात सोपा प्रकार. पाच, फँटसी लहान मुलांसाठी असते, मोठी माणसं ती वाचतात ते वास्तवापासून पळायला.

चौथ्यापासूनच सुरुवात करते, नुकसान तिथे झालंय.

नेहमीच्या जगातली कादंबरी लिहिणाऱ्याला निम्मं जग आयतं मिळतं. दगड वर फेकला की खाली येतो, मेलेलं माणूस परत येत नाही, हे त्याला सांगत बसावं लागत नाही, वाचक ते घरूनच घेऊन येतो. फँटसी लिहिणाऱ्याने यातली एकच गोष्ट बदलली तरी तिच्यामागून येणारं सगळं त्यालाच निस्तरावं लागतं. समजा तुमच्या जगात मेलेली माणसं परत येतात. ठीक. मग राजा मेल्यावर गादीवर बसलेल्या मुलाचं काय करायचं, खुनाला शिक्षा कसली द्यायची, विधवेने दुसरं लग्न केलं असेल तर तिचा नवरा कोणता, आणि लढाईला मुळात घाबरणार कोण? यातल्या एकाही प्रश्नाचा विचार केला नाही तर वाचक दहाव्या पानावर पुस्तक खाली ठेवतो, आणि बरोबर करतो.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. इंग्रज लेखक टॉल्किनने ८ मार्च १९३९ ला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं, ते पुढे १९४७ मध्ये वाढवून निबंध म्हणून छापलं गेलं. त्याची 'हॉबिट' ही कादंबरी येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणं चालू होतं, म्हणजे स्वतः त्या कामात बुडालेला माणूस बोलत होता. त्यात त्याने हिरव्या सूर्याचं उदाहरण दिलंय. 'हिरवा सूर्य' असं म्हणणं कुणालाही जमतं, भाषेने ती सोय करून ठेवलीच आहे, पुष्कळांना तो डोळ्यांसमोरही आणता येईल. पण ज्या जगात तो हिरवा सूर्य खरा वाटेल असं जग उभं करायचं तर मेहनत लागते, विचार लागतो आणि एक वेगळंच कसब लागतं. अशा जगाला तो दुय्यम जग म्हणतो. वाचक आत असेपर्यंत त्यातलं सगळं खरं मानतो, कारण सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या जगाच्या कायद्याला धरून असते. ज्या क्षणी मनात 'छे, असं कसं' येतं त्या क्षणी भारलेपण उतरतं आणि वाचक बाहेर. तर पोस्ट ज्याला फँटसीची व्याख्या म्हणतेय ते टॉल्किनच्या लेखी फँटसी फसल्याचं लक्षण आहे.

दुसरं उदाहरण अर्सुला ल ग्विनच्या १९६८ च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'चं. तिथे जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं. रोक बेटावर गेड नावाचा मुलगा जादू शिकायला जातो आणि गुरूला विचारतो की खड्याचा हिरा केला तर तो हिराच राहावा म्हणून काय करायचं. गुरू सांगतो की त्यासाठी खड्याचं खरं नाव बदलावं लागेल, आणि जगाचा एवढासा तुकडा बदलणं म्हणजेसुद्धा जग बदलणं. पुढे त्याच पुस्तकात येतं की रोकवर पाडलेला पाऊस दूरच्या ऑस्किल बेटावर दुष्काळ होऊ शकतो. एवढ्या दोन गोष्टी कळल्यावर वाचकाला पुढे प्रत्येक मंत्राची भीती वाटायला लागते, कारण त्याची किंमत कुठेतरी कुणीतरी भरणार आहे. आणि गेड घमेंडीत येऊन जे करून बसतो ते निस्तरायला लेखिका शेवटच्या पानावर जादूची कांडी फिरवत नाही, पोराला जगाच्या टोकापर्यंत नेते. नियम काढून टाका, काय उरतं सांगा मला.

हां, एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने का होईना. नियम असले तरी ते वाचकाला सांगितलेच पाहिजेत असं नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गँडाल्फ या जादूगाराला काय काय येतं याची यादी टॉल्किनने कुठे दिलेली नाही आणि तरी बिघडत नाही. नुसते कोष्टकासारखे नियम मांडलेली आणि जिवंत माणूस एकही नसलेली पुस्तकंही मी वाचलीयेत आणि ती वाचवत नाहीत. पण लेखकाने न सांगणं वेगळं आणि लेखकालाच माहीत नसणं वेगळं. गँडाल्फ संकटात सापडतो, कैदेत पडतो, उशिरा पोचतो. त्याला काहीही करता आलं असतं तर ती घातक अंगठी ज्वालामुखीत टाकायला गोष्टीतल्या फ्रोडोला एवढी पायपीट कशाला करावी लागली असती?

आता पहिला मुद्दा, 'घडू शकत नाही ते सगळं फँटसी'. गोष्टीत काय घडतं यापेक्षा गोष्ट त्याचं कारण काय देते, आणि आतली माणसं त्याच्याकडे कशी बघतात, यावरून प्रकार ठरतो. मेरी शेलीचं 'फ्रँकन्स्टाइन' घ्या, १८१८ चं. प्रेताच्या तुकड्यांतून जिवंत प्राणी, अशक्यच ना? पण व्हिक्टर फ्रँकन्स्टाइन लहानपणी अग्रिप्पा, पॅरासेल्सस अशा जुन्या किमयागारांची पुस्तकं वाचून भारावलेला असतो, आणि विद्यापीठात गेल्यावर तिथला प्राध्यापक त्याला सरळ सांगतो की या कचऱ्यात वेळ घालवलास. मग तो रसायनशास्त्राकडे वळतो आणि पुढचं सगळं प्रयोगातून होतं, मंत्रातून नाही. फँटसीची वाट आणि विज्ञानकथेची वाट जिथे फुटते ती जागा लेखिकेने कथेतच दाखवून ठेवलीये. आपल्याकडे नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'चं बघा, नाव वाचून पोस्टवाल्याने ते डोळे झाकून फँटसीत टाकलं असतं, आत सगळ्या विज्ञानकथा आहेत.

कोलंबियन लेखक मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या कादंबरीत सुंदर रेमेडिओस चादरींच्या घड्या घालता घालता आकाशात उडून जाते, चादरींसकट. घरातल्या फर्नांडाला जळफळाट होतो, आणि ती पुढे कितीतरी दिवस देवाकडे प्रार्थना करते की माझ्या चादरी तेवढ्या परत पाठव. मुलगी आकाशात कशी गेली हा प्रश्नच त्या घरात कुणाला पडत नाही. हा जादुई वास्तववाद, जग आपलंच आहे आणि त्यात चमत्कार घरच्या कामासारखा येऊन जातो. याउलट भयकथेत तेच अशक्य आलं की माणसं हादरली पाहिजेत, नारायण धारपांची पुस्तकं रात्री वाचलेल्यांना हे सांगायला नको. आणि गूढकथेत शेवटपर्यंत कळत नाही की ते खरंच होतं की त्या माणसाच्या मनाचे खेळ होते, तो डळमळीतपणा हाच तिचा प्राण. तेच अशक्य, पण प्रकार चार.

या सीमा लोखंडी कुंपणासारख्या नाहीत हेही खरं आहे. ब्रायन अॅटबेरी नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये म्हटलं होतं की फँटसी हा धूसर कडांचा संच आहे, मधोमध काही पुस्तकं ठामपणे बसलेली आणि कडेला जाता जाता विरळ होत गेलेली. ते मला पटतं. काठावरची पुस्तकं आहेत आणि त्यांच्यावरून भांडायला मजाही येते. पण काठ धूसर आहे म्हणून मधलंही काही नाही, सगळं एकच, हे कुठलं तर्कशास्त्र?

दुसऱ्या मुद्द्याला दोन पुस्तकं पुरेत. अॅन मॅकॅफ्रीच्या 'पर्न' मालिकेत (पहिली कादंबरी १९६८ ची) आग ओकणारे ड्रॅगन आहेत, पण ते दुसऱ्या ग्रहावर वस्ती करायला गेलेल्या माणसांनी तिथल्या छोट्या सरड्यासारख्या प्राण्यांवर जनुकीय प्रयोग करून तयार केलेत, आणि लेखिका स्वतः त्याला विज्ञानकथाच म्हणायची. आणि मर्विन पीकचं १९४६ चं 'टायटस ग्रोन', त्यात ड्रॅगन नाही, जादू नाही, नुसता एक अवाढव्य वाडा आणि त्याचे कधी न संपणारे विधी, पण फँटसीच्या कुठल्याही चर्चेत ते असतंच. सामानावरून प्रकार ठरत नाही.

महाभारताचं म्हणाल तर ते स्वतःला इतिहास म्हणवतं, तसा शब्दच आहे त्यात. फँटसीमध्ये सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही पहिल्यापासून माहीत असतं की हे रचलेलं आहे, आणि तरी आपण मिळून ते खरं मानतो. पुराणकथेत असा करार नसतो. फँटसी लिहिणाऱ्यांनी जगभरच्या पुराणांतून कच्चा माल उचललाय हे कबूल, पण मातीला घर म्हणत नाहीत. आणि पहिलं काय हे शोधायचंच असेल तर मराठीत १८६८ ची रिसबुडांची 'मंजुघोषा' ही कादंबरी आहे, नंतरची नाथमाधवांची 'वीरधवल' आहे, 'अद्भुतरम्य' हा शब्द आपण कधीपासून वापरतोय. त्यातलं एक नाव तरी पोस्टमध्ये यायला हवं होतं.

पाचवा मुद्दा वाचून खरं तर राग आला, पण टॉल्किनने त्याच व्याख्यानात त्याचंही उत्तर देऊन ठेवलंय. परीकथा मुलांच्या खोलीत गेल्या त्या जुन्या फॅशनचं फर्निचर तिकडे ढकलतात तशा, मोठ्यांना नकोशा झाल्या म्हणून, मुलांनी मागितल्या म्हणून नव्हे. आणि पळण्याबद्दल तो म्हणतो की कैद्याने तुरुंगातून सुटायचा प्रयत्न करणं आणि सैनिकाने रणांगणातून पळ काढणं यात लोक गल्लत करतात. अजून एक सांगतो, ते मला सगळ्यात आवडतं. बेडूक आणि माणूस यांतला फरक ज्याला कळत नाही त्याला बेडूकराजाची गोष्ट सुचणारच नाही. बुद्धी जितकी लख्ख तितकी फँटसी चांगली. वास्तवाचं भान सुटलेल्या माणसाचं हे कामच नाही.

हे सगळं एवढं नीट नाही, पण फोनवर भाचीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, फार काही बोलली नाही, मग विचारलं, "पण मावशी, नियम ठेवला तर बहीण पण काहीतरी विसरणार ना?" म्हटलं हो, विसरणार. "मग ती भावालाच विसरली तर?" मी म्हटलं ते मला कसं माहीत असणार, पूल तुझा आहे. काल रात्री तिने वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. तिरकी रेघ तशीच आहे, पण तिच्याखाली नव्याने ओळ आखलीये. बहीण, खेप पहिली. आणलं: भावासाठी घरचा रस्ता. विसरली: तिथला चौकोन अजून रिकामा आहे, पेन्सिलीने काहीतरी लिहून दोनदा खोडलेलं दिसतंय.