‘घराण्यात नाही ना, मग खा बिनधास्त’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर एव्हाना येऊन गेला असेल. वर तीन लाल दिवे आणि ठळक अक्षरांत ‘कॅन्सरचं सत्य, जे डॉक्टर कधीच सांगणार नाहीत’. खाली दाव्यांची रांग: अमेरिकेत सिद्ध झालंय की दोन तृतीयांश कॅन्सर निव्वळ नशिबाने होतात. कॅन्सर जीन्समध्येच असतो, घराण्यात कुणाला नसेल तर तुमच्यात ‘तंबाखू सोसणारा जीन’ आहे, तंबाखू बाधत नाही. थुंकीच्या एका चाचणीत तुम्हाला कॅन्सर होणार की नाही ते कळतं. स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेला ‘बीआरसीए’ जीन निघाला तर कॅन्सर अटळ, आणि तो आईकडूनच येतो. बायोप्सीने कॅन्सर पसरतो. गव्हांकुराच्या रसाने जीन्स ‘रीसेट’ होतात. आणि सगळ्यात खाली, अर्थातच, चाचणीच्या किटची लिंक.

एरवी असले मेसेज मी उघडतही नाही. पण हा धाकट्या मामांनी पाठवला, खाली स्वतःची ओळ जोडून: ‘बघ, तू उगाच मागे लागली होतीस.’ मामा निपाणीकडचे. जेवण झालं की तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाएवढा चुना, अंगठ्याने घोटून मळायची, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची आणि डाव्या गालफडात बार. वर्षानुवर्षं एकाच जागी. त्याच जागी डेंटिस्टना पांढरा चट्टा दिसला, पुसून न जाणारा. त्या धास्तीने मामांची चंची बंद झाली होती, ती या मेसेजने पुन्हा उघडली. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

आधी नशिबाचं बघू. संशोधन खरं आहे, तेवढं कबूल. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे क्रिस्तियान टोमासेटी आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात ते छापलं. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची नक्कल होते आणि प्रत्येक नकलेत काही चुका राहून जातात. या दोघांनी ३१ प्रकारच्या ऊती घेतल्या, प्रत्येकीतल्या मूळ पेशी (नव्या पेशी घडवणाऱ्या ‘स्टेम सेल’) आयुष्यभरात किती वेळा दुभंगतात याचा अंदाज काढला आणि तो तिथल्या कॅन्सरच्या प्रमाणाशी ताडून पाहिला. मोठ्या आतड्यात दुभंगणं जास्त, कॅन्सरही जास्त. लहान आतड्यात दोन्ही कमी. ऊतीऊतींमधल्या या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग एवढ्या एका आकड्याने उलगडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तुलना अवयवांची आहे. तीन पेशंटांपैकी दोघे नशिबाचे बळी, असं त्या पेपरात कुठेही लिहिलेलं नाही. ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी लिहिलं आणि फॉरवर्डवाल्यांनी उचललं.

मेसेजने लपवलेली गोष्ट पुढे आहे. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाचा कॅन्सर या दोघांनी नशिबाच्या गटात धरलेलाच नाही. तो दुसऱ्या गटात आहे, जिथे नुसत्या योगायोगाने हिशेब जुळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्यों इथल्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याच महिन्यात जाहीर पत्रक काढून ‘नशीब’ या निष्कर्षाला हरकत घेतली. मग २०१७ मध्ये टोमासेटी आणि व्होगेलस्टाइन यांनी पुन्हा हिशेब मांडला. कॅन्सरला कारण ठरणाऱ्या म्युटेशनांपैकी, म्हणजे डीएनएतल्या बदलांपैकी, सरासरी ६६ टक्के नकलेतल्या चुका, २९ टक्के बाहेरच्या कारणांनी आणि ५ टक्के वारशाने. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हेच बाहेरचं प्रमाण ६५ टक्के, त्यातही मुख्यतः धूम्रपान.

वारशाने ५ टक्के! ज्या संशोधकांच्या नावावर मेसेज उभा आहे, त्यांनीच मेसेजच्या दुसऱ्या दाव्याची वाट लावली आहे. पाठवणाऱ्याने पेपर उघडलाच नसणार.

६६ टक्क्यांवर अडून बसणाऱ्यांसाठी आणखी एक. हे प्रमाण म्युटेशनांचं आहे, पेशंटांचं नव्हे. एक म्युटेशन झालं की कॅन्सर झाला असं सहसा होत नाही, दोन-तीन नेमक्या जागी बिघाड साचावे लागतात. समजा त्यातले दोन आपसूक झाले आणि तिसरा तंबाखूने घडवला. तिसरा टळला तर कॅन्सर टळला, आधीचे दोन कुणामुळे का झालेले असेनात. म्हणूनच, बहुतेक म्युटेशनं नकलेतल्या चुकांची असूनही सुमारे ४२ टक्के कॅन्सर टाळता येण्याजोगे आहेत, या अंदाजाशी आमचा हिशेब जुळतो, असं ते दोघेच सांगतात. अपघात नशिबानेही होतात म्हणून खंबाटकी घाटात रात्री हेडलाइट बंद करून कुणी गाडी हाकत नाही.

आता ‘घराण्यात नाही, मग खा बिनधास्त’. माझा खरा राग या ओळीवर आहे, कारण बाकीचं सगळं नुसतं चूक आहे आणि ही ओळ माणसं मारणारी आहे.

कॅन्सर जीन्सचा आजार आहे हे बरोबर. पण कुठल्या पेशीतल्या जीन्सचा? आईवडिलांकडून आलेला डीएनए अंगातल्या झाडून सगळ्या पेशींत असतो. गालाच्या आतल्या कातडीत जन्मानंतर, तिशीत-चाळिशीत झालेलं म्युटेशन फक्त त्या पेशीत आणि तिच्या पिलावळीत असतं. ते वडिलांकडून आलेलं नसतं आणि मुलांकडे जात नाही. हे ओळखायचं कसं, याचं उत्तर आपल्याच देशातल्या अभ्यासात आहे. आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पात भारताने आपल्या वाट्याला घेतला तो गाल आणि हिरडीचा कॅन्सर, तंबाखू चघळणाऱ्या आपल्या लोकांना सर्रास होणारा. बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्स संस्था आणि खारघरचं टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र ‘अॅक्ट्रेक’ यांनी मिळून तो केला आणि २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापला. आधी ५० पेशंट, मग पडताळणीसाठी आणखी ६०. पद्धत अशी की पेशंटच्या गाठीतला डीएनए वाचायचा, त्याच पेशंटच्या रक्तातलाही वाचायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. रक्तात जे आहे ते जन्माचं. गाठीत आहे पण रक्तात नाही, ते नंतर कमावलेलं. टीपी५३, कॅस्प८, फॅट१, नॉच१ अशा जीन्समधले जे बिघाड त्यांनी मोजले ते या दुसऱ्या रकान्यातले. त्या पेशंटांचं रक्त तपासून ‘घराण्यात काही नाही’ असा दाखला खुशाल देता आला असता. गाठ गालात होतीच.

तंबाखू हे करते कसं, तेही गूढ नाही. तंबाखूत नायट्रोसमाइन जातीची रसायनं असतात. शरीर ती बाहेर टाकण्यासाठी फोडायला जातं आणि त्या फोडण्यातच ती डीएनएला चिकटणारी होतात. दुरुस्ती वेळेत झाली नाही तर पुढच्या नकलेत त्या जागी चुकीचं अक्षर बसतं. चुन्याने तोंडातली आम्लता घटते आणि निकोटिन भराभर रक्तात उतरतं, म्हणून ‘किक’ बसते. वर चुना गालाची आतली कातडी सोलतो ते वेगळंच. ओढणाऱ्यांचा तर हिशेबच झाला आहे: २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्येच आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की रोज एक पाकीट वर्षभर ओढलं तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० म्युटेशनं पडतात, तोंडाच्या पेशीत २३. एका वर्षात. ‘मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. ल्योंच्या त्याच संस्थेच्या यादीत सुपारी २००४ पासून कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्यांत आहे, तंबाखूच्या शेजारी. आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे आमच्या आत्याबाईंना कोण समजावणार!

अर्धसत्य एक आहे, नाइलाजाने सांगते. माणसामाणसांतल्या जनुकीय फरकाने तंबाखूचा धोका थोडाफार कमीजास्त होतो. १५ व्या गुणसूत्रावर निकोटिन ज्यांना पकडतं त्या रिसेप्टरचे जीन्स आहेत. तिथल्या एका बदलाचा फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध २००८ मध्ये एकाच वेळी तीन गटांनी दाखवला. पण हाच बदल असलेल्यांना निकोटिनचं व्यसन जास्त घट्ट लागतं, असंही दिसलं. म्हणजे जीन तंबाखू सोडणं अवघड करतो, पचवून देत नाही. ‘तंबाखू सोसणारा जीन’ म्हणून मेसेजमध्ये जे काही आहे, त्याच्या जोरावर कुणालाही सूट मिळत नाही. आणि ‘आमचे आजोबा बार भरून नव्वदीपर्यंत ठणठणीत होते’ हा पुरावा देणाऱ्यांनी आजोबांच्या वयाचे, त्यांच्याच पारावर बसून बार भरणारे बाकीचे कुठे गेले तेही विचारून यावं.

थुंकीच्या चाचणीकडे वळू, कारण मेसेजचा पैसा तिथे आहे. असली किट वारशाने आलेले फरक शोधतात. गालावरच्या चट्ट्यात गेल्या काही वर्षांत काय घडलं ते त्यांना दिसत नाही. जे शोधतात तेही अर्धवट: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तिथल्या एका घरगुती किटला बीआरसीएसाठी परवानगी दिली, ती फक्त तीन बदल तपासण्यासाठी, आणि ते तिन्ही मुख्यतः पूर्व युरोपीय वंशाच्या ज्यू लोकांत आढळणारे. त्या जीन्समध्ये ज्ञात बदल हजाराच्या वर आहेत, त्यामुळे चाचणी कोरी आली म्हणून धोका नाही असं समजू नका, हे त्या प्रशासनानेच बजावलं होतं. आपल्याकडे आणखी एक अडचण. जगातला जनुकीय माहितीचा बराचसा संदर्भसाठा युरोपीय वंशाच्या लोकांचा, त्यामुळे भारतीयांच्या रिपोर्टात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा जास्त वेळा पडतो. हा शेरा म्हणजे होकारही नाही आणि नकारही नाही, पण घरच्यांची झोप उडवायला पुरेसा. ‘जीनोम इंडिया’ या सरकारी प्रकल्पाचा १०,००० भारतीयांच्या जीनोमचा (संपूर्ण डीएनएचा) साठा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला, तेव्हा हे हळूहळू सुधारेल. तोवर चाचणी करायचीच तर जेनेटिक काउन्सेलरकडून, म्हणजे अशा चाचण्यांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडून, आणि शक्य असेल तर घरातल्या आजारी माणसापासून सुरुवात करून.

बीआरसीए अटळ? नाही. जवळपास १०,००० स्त्रियांच्या २०१७ च्या अभ्यासात बीआरसीए१ मधला बिघाड असलेल्यांना ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७२ टक्के निघाली. भयंकर आहे, म्हणूनच हाच बिघाड असलेल्या हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय जाहीर केला. पण ७२ म्हणजे १०० नव्हे. ‘आईकडूनच येतो’ ही तर शुद्ध लोणकढी. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ हे दोन जीन्स अनुक्रमे १७ व्या आणि १३ व्या गुणसूत्रावर आहेत, आणि ती गुणसूत्रं बापाकडूनही तितकीच येतात. मावशी-आजीचा इतिहास विचारताना आत्यालाही विचारा.

बायोप्सीने कॅन्सर पसरतो हा जुनाच बागुलबुवा. वृषणासारख्या एखाद्या ठिकाणी सर्जन मुद्दाम थेट सुई घालत नाहीत, ते त्यांना ठाऊक असतं. गालाच्या चट्ट्याचा तुकडा काढण्याला तो नियम लावून घरी बसणं म्हणजे आजाराला मुदत देणं. गव्हांकुराच्या रसाबद्दल एवढंच की तो पोटात जातो आणि पचतो. टीपी५३ मध्ये बदललेलं अक्षर पुन्हा जागेवर बसवणारा रस निघाला असता तर खारघरला एवढी यंत्रं मांडावी लागली नसती.

मामांना मी लांबलचक उत्तर पाठवलं नाही, दोनच गोष्टी कळवल्या. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट अजिबात सहन न होणं, तोंडात स्वतःची तीन बोटं उभी न मावणं, यांतलं काहीही असेल तर डेंटिस्ट किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर, आणि ते म्हणतील तर बायोप्सी. सगळेच पांढरे चट्टे कॅन्सरमध्ये जात नाहीत, पण कुठला जाईल ते तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, तंबाखू सोडवायला मदत करणारा सरकारी टोल-फ्री नंबर १८००-११-२३५६. तो त्यांच्या पुडीवरच छापलेला आहे, चित्राच्या खाली.