डिस्प्ले बॉक्स कसा करावा, तोही दुकानात पाऊल न ठेवता

तुमची आवळा कँडी बाजारात येतेय, अभिनंदन. दहा रुपयांचं पाउच, चोवीस पाउचचा एक डबा, आणि तो डबा किराणा दुकानाच्या काउंटरवर झाकण उघडून गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसणार. लाइनीतले लोक याला डिस्प्ले आउटर म्हणतात. पुठ्ठा छापून, पंच होऊन म्हणजे साच्यानं कापला जाऊन, सपाट गठ्ठ्यात येतो आणि घड्या घातल्या की डबा उभा राहतो. कँडीची काळजी सोडा, आवळे काय कुणीही उकडतं. तुमचा ब्रँड म्हणजे हा डबा, आणि तो आपल्या मनासारखा व्हायचा असेल तर काही पथ्यं पाळावी लागतील.

सगळ्यात कडक पथ्य म्हणजे दुकानात जायचं नाही. गेलात की काउंटर दिसतो. काउंटरवर वजनकाटा असतो, क्यूआर कोडची पाटी असते, 'दस रुपये प्राप्त हुए' म्हणून ओरडणारी डबी असते, गोळ्यांच्या बरण्या, सुट्ट्या पैशांची वाटी, घडी मोडलेला पेपर आणि त्यावर मालकाचा अर्धा चहा. डोक्यावर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. उरलेल्या वीतभर जागेवर आधीच तीन कंपन्यांचे डबे एकमेकांना ढोसत बसलेले असतात. हे दृश्य एकदा पाहिलं की चांगल्या चांगल्या माणसाची बुद्धी फिरते आणि तो खिशातून टेप काढून जागा मोजायला लागतो. मग डबा अरुंद होतो, आणि अरुंद डबा मीटिंगमधल्या मोठ्या पडद्यावर भरत नाही.

त्यापेक्षा एजन्सीनं पाठवलेला मॉकअप, म्हणजे तयार डब्याचं नमुना-चित्र, बघत जा. त्यात तुमचा डबा पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर एकटा उभा आहे. मागे धूसर हिरवळ, बाजूला दव पडलेले दोन आवळे, डावीकडून येणारं कोवळं ऊन. मालवणपासून मालेगावपर्यंत प्रत्येक किराणा दुकानात हा संगमरवर आणि हे ऊन असतंच, हे गृहीत धरून पुढे चला.

आत्मविश्वास कमी पडत असेल तर थोडा इतिहास सांगतो. घडीचा डबा मुळात चुकून जन्माला आलाय. १८७९ साली अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर नावाच्या, मूळच्या स्कॉटिश कारखानदाराकडे बियाण्यांच्या कागदी पिशव्या तयार होत होत्या. पिशवीवर घडी पाडणारी धातूची पट्टी जागची हलली आणि घडी पाडायचं सोडून पिशव्या कापत सुटली. दुसरा कुणी मशिनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळा झाला असता. गेअरला मात्र वाटलं, एकाच फटक्यात कापताही येईल आणि घडीही पाडता येईल, म्हणजे डबे सपाटच्या सपाट हजारोंनी पाठवता येतील. पुढे नॅशनल बिस्किट कंपनीनं आपल्या युनीडा बिस्किटांसाठी त्याला वीस लाख डब्यांची ऑर्डर दिली आणि पिंपातून सुटी बिस्किटं मोजून देणाऱ्या दुकानदाराचे दिवस भरले. आजही पंचिंगच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, तेच चालतं. धारदार पात्या कापतात आणि बोथट पट्ट्या क्रीज, म्हणजे घडीची रेघ, पाडतात. गेअरनं त्या चुकीवर बसून डोकं चालवलं, हा भाग तुम्ही विसरा. चुकूनही मोठं काम होतं, एवढंच लक्षात ठेवा.

म्हणून कोरा डमी मागू नका. छापखान्याचा माणूस सांगेल, "साहेब, छापायच्या आधी याच पुठ्ठ्याचा एक कोरा कापून देतो, माल भरून बघा, मग डाय करू." हा माणूस तुमचा हितशत्रू आहे. कोऱ्या डब्यात खरी पाउचं भरली की कळतं, चोवीस बसतच नाहीत. पाउचात हवा असते, ती फुगतात, आणि एकविसाव्या पाउचनंतर डबा गरोदर दिसायला लागतो. हे ज्ञान पाच हजार डबे छापून झाल्यावर मिळालं तर जास्त दिवस लक्षात राहतं.

आता झाकण. इथे जरा थांबू, कारण खरी कला इथेच आहे. डबा बंद असताना झाकणाची छापलेली बाजू वर असते. तिथे तुम्ही सोनेरी अक्षरांत ब्रँडचं नाव घातलंय, खाली डोंगर, सूर्य, आजी. दुकानदार झाकण उचलून मागे उभं करतो. गिऱ्हाइकाला काय दिसतं? झाकणाची आतली बाजू. आणि तुमचा पुठ्ठा ग्रे बॅक डुप्लेक्स आहे, म्हणजे वरून पांढरा, गुळगुळीत आणि आतून रद्दीच्या लगद्याचा करडा. छापलेली आजी आता दुकानदाराकडे बघतेय आणि गिऱ्हाइकासमोर भिजलेल्या वर्तमानपत्राच्या रंगाचा एक चौकोन उभा आहे.

यावर उपाय आहे, पण तो कुणाला सांगू नका. झाकणाला मध्यावर आणखी एक क्रीज द्यायची. झाकण उभं केलं की वरचा अर्धा भाग पुढच्या बाजूनं खाली दुमडायचा आणि त्याची जीभ खालच्या खाचेत खोचायची. छापलेली बाजू आपसूक गिऱ्हाइकाकडे वळते, अक्षरंही सुलटी राहतात, आणि दोन पदरांमुळे पाटी ताठ उभी राहते. खर्च काय, तर डायमध्ये एक पट्टी आणि एक खाच. एवढ्या स्वस्तात काम झालं तर एजन्सी बिल कशाचं लावणार? तुम्ही सरळ दोन्ही बाजूंनी छपाईचं कोटेशन मागवा, ते बघून घाबरा, आणि करडा चौकोन तसाच राहू द्या. मीटिंगमध्ये त्याला 'रस्टिक फील' म्हणा.

डिझायनर झाकणातून एक आवळ्याची फांदी वर काढायची म्हणेल. काढू द्या. समजा तुमचा डबा अठरा बाय दहा सेंटिमीटरचा आहे आणि त्याची उलगडलेली पट्टी अठ्ठावीस सेंटिमीटर उंच आहे. २५ बाय ३६ इंचाच्या शीटवर अशा तीन पट्ट्या एकाखाली एक सुखानं बसतात. फांदीनं उंची तीन सेंटिमीटर वाढली की दोनच बसतात. म्हणजे तीन पानांच्या फांदीपायी प्रत्येक डब्यामागे पुठ्ठा दीडपट. आवळा देऊन कोहळा काढतात असं ऐकलं होतं. इथे आवळ्याचं चित्र देऊन काढतात.

तळाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण तो मॉकअपमध्ये दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर पैसे का घालवायचे? ऑटो बॉटम घेतला तर तळ पेस्टिंग होऊन, म्हणजे गोंदानं चिकटवूनच, येतो, डबा नुसता दाबला की आपोआप बसतो. पेस्टिंगचे थोडे पैसे जास्त पडतात. तुम्ही हातानं गुंतवायचा लॉक बॉटम घ्या, त्यात चार पाकळ्या क्रमानं एकमेकींत अडकवायच्या असतात. त्यातली एक पाकळी डिझायनरनं 'स्लीक' दिसावी म्हणून दोन मिलिमीटर आखूड केलीय, तीही राहू द्या. पॅकिंगला बसणाऱ्या मावश्या बघतील काय ते. एक डबा उभा करायला एक मिनिट धरलं तर पाच हजार डब्यांना त्र्याऐंशी तास होतात, पण हे तास एक्सेल शीटमध्ये डब्याच्या खात्यावर पडत नाहीत, मजुरीच्या खात्यावर पडतात, तेव्हा तुमचा डबा स्वस्तच. दुसऱ्या दिवशी मावश्या तळाला ब्राउन टेप मारायला लागतील. "ताई, खालून सुटतंय हो सगळं," असं एखादी म्हणालीच तर तिला ब्रँड गाइडलाइन्सचं पान दाखवा. टेपचा रंग त्यात बसत नाही.

चमक मात्र सढळ हातानं द्या. पूर्ण शीटवर यूव्ही, म्हणजे चकचकीत वार्निशचा थर, मारा, एक इंच जागा कोरडी सोडू नका. छापखानेवाला कुरकुरेल की पेस्टिंगची पट्टी तरी मोकळी ठेवा, गुळगुळीत थरावर गोंद धरत नाही. त्याला म्हणा, आम्हाला प्रीमियम लुक हवाय. गोंद आठवडाभर टिकेल, मग कोपरे हळूहळू तोंड उघडतील. गर्द जांभळ्याची भरीव छपाई केली तर आणखी मजा. पहिल्याच घडीला क्रीजवर रंग तडकतो आणि प्रत्येक कडेला पांढरी रेघ उमटते. पुठ्ठ्याच्या ग्रेनची, म्हणजे तंतूंची, दिशा कुणी विचारली तर ईशान्य सांगा.

माल जुलैत भिवंडीच्या गोदामात जाणार असेल तर फारच उत्तम. बाहेरचा कोरुगेटेड खोका कोरडा असताना ऐटीत वजन पेलतो, पण पावसाळी दमट हवेत कागद पाणी ओढतो आणि खोक्याची ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते. तुम्ही थप्पीची उंची ठरवली ती एसी मीटिंग रूममध्ये, मार्च महिन्यात. सगळ्यात खालच्या खोक्यातले डबे डिलिव्हरीच्या वेळेपर्यंत इतके सपाट झालेले असतील की पुन्हा छापखान्यातून आल्यासारखे वाटतील.

परफोरेशन, म्हणजे पुढची बाजू फाडून उघडण्यासाठीची टोच्यांची रेघ. त्याबद्दल दोन मतं आहेत. टोचे जवळजवळ घातले तर डबा टेम्पोतच फाटतो, लांब लांब घातले तर दुकानात फाटत नाही. हा तोल साधायला पुन्हा तो डमी लागतो, आणि तो आपण मागायचा नाही असं ठरलंय. तेव्हा लांब घाला. दुकानदार 'येथे दाबा' वाचणार नाहीच. एका हातात गिऱ्हाइकाची साखर, तोंडानं कुणाची तरी उधारी सांगत, दुसऱ्या हातातल्या गल्ल्याच्या किल्लीनं तो पुढची बाजू तिरकी ओरबाडून काढेल. ब्रँडच्या नावाचं शेवटचं अक्षर त्यातच जाईल. मग तो डबा आडवा करून बरणीमागे सरकवेल. त्यानं असं का केलं, हे विचारायला त्याच्याकडे जायची गरज नाही. त्याला सौंदर्यदृष्टी नाही, एवढं निदान ऑफिसात बसूनही करता येतं.

बारकोडचा काळा रंग डिझाइनला मारतो, हे डिझायनरचं दुःख खरं आहे. लाल करा. दुकानातल्या लेसर स्कॅनरचा प्रकाशही लालच असतो, त्याला पांढऱ्या कागदावरच्या लाल रेघा आणि पांढरा कागद सारखाच दिसतो. सुपरमार्केटमधली कॅशियर मुलगी तेरा आकडे हातानं टाइप करेल, मागे रांग वाढेल, तेवढा वेळ सगळ्यांना तुमच्या डब्याकडे बघायला मिळेल. याला एंगेजमेंट म्हणतात. रेघा कोपऱ्याच्या घडीवरून वळवल्या तर लाल करायचीसुद्धा गरज नाही.

राहता राहिला सरकारी मजकूर. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नावाचं एक प्रकरण आहे. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसहित किंमत, तक्रारीसाठी फोन, सगळं छापा म्हणतं. वर किंमत आणि वजनाचे आकडे पार्श्वभूमीवर उठून दिसतील अशा रंगात हवेत, असंही म्हणतं. तुम्ही साय रंगावर फिकट सोनेरीत छापा. आकडे दिसले की गिऱ्हाईक हिशेब करतं, आणि चोवीस ग्रॅमच्या कँडीला हिशेब झेपत नाही. किंमत छापून झाल्यावर वाढवावीशी वाटली तर स्टिकर लावायचा विचार मनात येईल. नियमाप्रमाणे स्टिकर फक्त किंमत कमी करायला चालतो, तोही जुनी किंमत न झाकता. निरीक्षक दारात आले की त्यांना रस्टिक फील समजावून सांगा.

आणि हो, हिरवं पान विसरू नका. 'निसर्गाशी नातं' असं लिहा, खाली तीन बाणांचं वर्तुळ. मग त्यावर प्लॅस्टिक फिल्मचं लॅमिनेशन चढवा आणि पाउचं दिसावीत म्हणून पुढे पारदर्शक खिडकी चिकटवा. रद्दीपासून बनलेला साधा पुठ्ठा पुन्हा मुकाट्यानं लगद्यात जातो, ही फिल्म त्या लगद्यात तुकड्यातुकड्यांनी तरंगत राहते आणि गाळून काढावी लागते. पण पान छान हिरवं आलंय, ते महत्त्वाचं.

तीन महिन्यांनी विक्रीचे आकडे येतील. तेव्हा सेल्सच्या पोरांपैकी कुणी, जो रोज चाळीस दुकानं फिरतो, दबक्या आवाजात डब्याचा विषय काढेल. त्याला पुढे बोलू देऊ नका, पुढच्या वेळेपासून तो स्वतःच गप्प बसेल. मीटिंगचा निष्कर्ष आधीच लिहून ठेवा: डबा काळाच्या पुढे होता. नवीन डिझाइनचं काम त्याच एजन्सीला द्या, त्यांना आता तुमचा ब्रँड समजलाय. यावेळी डबा षटकोनी करू म्हणतायत.

उरलेल्या साडेतीन हजार डब्यांचं काय करायचं, असं अकाउंट्सवाले विचारतीलच. दिवाळीला स्टाफला फराळ त्यातूनच वाटा. फक्त चिवडा भरा. लाडवांचं वजन तो तळ पेलणार नाही.