संत्र्याचं गोत्र

हिवाळा लागला की आमच्या विदर्भातल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो: ‘ऑरेंज’ हा मूळचा आपला संस्कृत शब्द! खोटं नाही, पण अर्धवट आहे. संस्कृतातला ‘नारंग’ बहुधा द्राविडी भाषांतून आलेला. मल्याळीत आजही लिंबाला ‘नारंगा’च म्हणतात. संस्कृतातून तो फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’. इटलीत ‘उना नारांचा’ म्हणता म्हणता दोन ‘न’ एकमेकांत मिसळले आणि उरलं ‘अरांचा’. त्याचं फ्रेंचांनी ‘ओरांज’ केलं, इंग्रजांनी ते उचललं. कॉलर ताठ करायचीच तर केरळवाल्यांनी करावी की!

पुढची गंमत आणखी भारी. गोड संत्री युरोपभर पसरवली ती मुख्यतः पोर्तुगीजांनी. म्हणून अरबीत ती ‘बुर्तुकाल’, तुर्कीत ‘पोर्ताकाल’, ग्रीकमध्ये ‘पोर्तोकाली’. जुनं ‘नारंज’ आंबट-कडू जातीच्या वाट्याला गेलं. डचांनी मात्र गोड संत्र्याला ‘चिनी सफरचंद’ ठरवलं. त्यांच्या फुटबॉल संघाची ती नारिंगी जर्सी? ती राजघराण्यामुळे. घराण्याचं नाव फ्रान्समधल्या ओरांज गावावरून पडलं आणि त्या गावाचं रोमन काळातलं नाव ‘अराउसिओ’. फळाशी काडीचा संबंध नाही. उच्चार जुळले आणि रंग कायमचा चिकटला.

आता आपला ‘संत्रा’. (हो, आमच्याकडे तो संत्रा. ‘संत्रं’ तुमच्या पुण्यात.) पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून हे नाव पडलं असं ठासून सांगतात. मला पटत नाही. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, आणि १५३० मध्ये वारलेला बाबर आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांमध्ये ‘संगतरा’ नोंदवून ठेवतो. एवढ्या थोडक्या वर्षांत कुठल्याशा परदेशी गावाचं नाव उत्तरेत रुळलं? मोसंबी मोझांबिकची, हे मी बिनतक्रार मान्य करतो.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपला नागपुरी संत्रा ‘मँडरिन’ गटातला. मँडरिन म्हणजे चिनी दरबारातला अधिकारी. पोर्तुगीजांनी हा शब्द मलय भाषेतल्या ‘मंतरी’वरून घेतला, आणि मलयांनी तो घेतला संस्कृत ‘मंत्री’वरून. म्हणजे डिसेंबरात आंबिया बहाराचा (हिवाळा सरताना धरलेल्या फुलोऱ्याचा) माल बाजारात असतो आणि तेव्हाच हिवाळी अधिवेशनही भरतं, तेव्हा नागपुरात दोन्ही प्रकारचे मंत्री एकदमच येतात. त्यातले एक सोलून खाता येतात.