दादाबद्दल रविवारी काय बोलायचं

दादाला जाऊन आठवडा झाला. रविवारी शोकसभा आहे, आणि कट्ट्यातर्फे मी पाच मिनिटं बोलायचं एवढंच ठरलंय, बाकी काय बोलायचं यावरून तीन संध्याकाळी आम्ही नुसते भांडतोय. लिहून काढतोय कारण या भांडणात दादा जेवढा सापडला तेवढा मला एकट्याला कागद घेऊन बसल्यावर सापडत नव्हता.

दादा दिवसा नोकरी करायचा आणि संध्याकाळी दारू सोडू बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये त्यांच्यासोबत बसायचा. पिअर काउन्सेलर. डॉक्टर नाही, उपदेश करणारा तर नाहीच, स्वतः त्यातून गेलेला, मग रीतसर ट्रेनिंग घेतलेला माणूस. शिवाय कुणाला रात्री दवाखान्यात न्या, कुणाचे फॉर्म भरून द्या, एकट्या म्हाताऱ्यांकडे चक्कर मारून या, हे चालूच. एक रुपया घेतला नाही कधी.

सुरुवात वकिलाने केली. "दारूचा विषय काढायचा नाही. त्याची मुलगी आत्ता नोकरीला लागलीये, तिच्या ऑफिसचे लोक येणार. समाजसेवक होता, अनेकांना आधार दिला, एवढं पुरे."

मला राग आला. म्हणलं, अरे मग उरतं काय? त्याची दारू बाजूला काढलीस तर तो कुणाला का मदत करू शकला हेच कळणार नाही. मला माझंच आठवतं ना. सहा वर्षांपूर्वी दारू सोडायची माझी तिसरी वेळ होती, सगळे मला माझ्या लिव्हरबद्दल सांगायचे आणि मी मान डोलवायचो. दादा आला, समोर नाही बसला, बाकावर माझ्या शेजारी बसला, दोघांची तोंडं रस्त्याकडे. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मी पाण्याच्या टाकीमागे लपवायचो. तू कुठे लपवतोस?" आणि मी सांगून टाकलं, बुटांच्या खोक्यात. बायकोला माहीत नव्हतं, आईला माहीत नव्हतं, त्या माणसाला दहा मिनिटांत सांगितलं. चांगल्या माणसाला मी ते सांगितलं नसतं रे, टाकीमागे लपवणाऱ्याला सांगितलं.

मास्तर म्हणाले, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली संघटना, तिची सुरुवात अशीच आहे. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्याचं काम फसल्यावर हॉटेलात एकटा होता, परत प्यायची तलफ आली, आणि त्याच्या लक्षात आलं की आत्ता आपल्याला दुसरा दारुडाच भेटायला हवा. भेटला तो एक सर्जन, डॉक्टर बॉब. बिलने त्याला शहाणपण शिकवलं नाही, स्वतःची गोष्ट सांगितली, तासन्‌तास बोलले दोघं. महिन्याभरात, १० जूनला, डॉक्टर बॉबचा शेवटचा प्याला झाला आणि संघटना तीच तारीख स्थापनेची धरते. म्हणजे मदत करणाऱ्याला पण त्या मदतीची तेवढीच गरज होती. हे मला फार पटलं, कारण दादा नेहमी म्हणायचा, तू आलास म्हणून माझी आजची संध्याकाळ निघाली. मला ते बोलण्यापुरतं वाटायचं. नव्हतं.

पण वकिलाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता हे मान्य करायला हवं. तो म्हणाला, त्याच लोकांच्यात नाव न सांगण्याला केवढं महत्त्व आहे, बिलचं पूर्ण नाव जगाला उघडपणे कळलं ते १९७१ ला तो गेल्यावर. आणि मेल्यानंतरही सदस्याची ओळख उघड करणं त्यांना सहसा बरं वाटत नाही, मात्र शेवटचा निर्णय घरच्यांचा. मग तू कोण ठरवणारा? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहिनींना विचारायचं ठरलं.

दुसऱ्या संध्याकाळी वही निघाली. दादाच्या पिशवीत सापडलेली, लांबट, कोपरे मळलेली, नावं नाहीत, नुसती अक्षरं. "म. – झोप नाही – रात्री १० ला फोन." "स. – आला नाही. परत जा." पानामागून पानं. मास्तरांचं म्हणणं, मोजूया, किती माणसं झाली ते सभेत सांगूया, आकडा ऐकल्याशिवाय लोकांना काम दिसत नाही. ते म्हणाले, झिम्बाब्वेत हरारेला डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ साली आज्यांना ट्रेनिंग देऊन दवाखान्याबाहेर बाकांवर बसवलं, लोक येऊन मन मोकळं करायचे, तिथल्या शोना भाषेत त्या त्रासाला 'खूप विचार करणं' असाच शब्द आहे. पण जगाने नीट दखल घेतली ती २०१६ ला, ५७३ लोकांवरची चाचणी छापून आली आणि सहा महिन्यांनी बाकावर आलेल्यांचं डिप्रेशन इतरांपेक्षा कमी दिसलं तेव्हा.

ताई नर्स आहे, ती सहसा गप्प असते. ती म्हणाली, "मास्तर, तिथे लोकांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन मोजलंय. या वहीतल्यांना कुणी विचारलंय?" आणि मग ती बोलत राहिली, मला वाटतं तिच्याइतकं दादाचं काम कुणीच पाहिलेलं नाहीये. रोज भरपूर पिणारा माणूस जोशात येऊन म्हणायचा ना, आजपासून बंद, तर दादा त्याचं कौतुक करायच्या आधी त्याला तिच्याकडे घेऊन यायचा, कारण एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीव पण जातो. आपलं काम कुठे संपतं ते त्याला माहीत होतं. आणि कुणी फार गप्प झालं की तो आडून विचारायचा नाही, सरळ विचारायचा, जीव द्यायचे विचार येतात का? ताई म्हणाली, लोकांना वाटतं असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, तसं होत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. होय म्हणाला तर दादा त्याला एकटा सोडायचा नाही, डॉक्टरपर्यंत सोबत जायचा.

वहीचं मग ठरलं. मोजायची नाही. ग्रुपच्या को-ऑर्डिनेटरकडे द्यायची, दादा सध्या ज्यांच्या संपर्कात होता त्यांना तो ओळखतो, त्यांच्याकडे आता दुसरं कोण जाणार ते लावून द्यायचं, आणि मग वही फाडून टाकायची. मास्तरांना वाईट वाटलं. मला पण, खोटं कशाला बोलू, कारण त्यातला एक "र." बहुतेक मी आहे.

काल मी आणि वकील वहिनींकडे गेलो. मला वाटलं होतं त्या नको म्हणतील. मुलगीच आधी म्हणाली, सांगा, माझ्या ऑफिसात माहितीये, मीच सांगितलंय. वकील गप्प झाला. मग वहिनींनी मला विचारलं, "लिहिलंयस का? वाच." मी वाचलं. टाकीमागची बाटली, बाक, ग्रुप, सगळं होतं. ऐकून म्हणाल्या, "आणि सातव्या वर्षी परत प्यायला ते?"

ते मी लिहिलंच नव्हतं. वकिलाला दोन दिवस लपवू नको म्हणून ऐकवणारा मी, मलाच ते नको होतं. सात वर्षं सोबर राहून दादाची स्लिप झाली होती, तीन आठवडे. कुणी पकडलं नव्हतं, त्याने स्वतः जाऊन को-ऑर्डिनेटरला सांगितलं, ज्यांच्याबरोबर बसायचा त्या प्रत्येकाला सांगितलं आणि आठ महिने एकही फोन घेतला नाही, ट्रीटमेंट घेतली, मिटिंगला मागच्या रांगेत बसला. वहिनी म्हणाल्या, "त्यानंतरच माणसं जास्त यायला लागली त्याच्याकडे. परत घसरलेली, तोंड दाखवायला लाजणारी. ती येतील रविवारी, मागे उभी राहतील. त्यांच्यासमोर हे गाळून बोलणार तू?"

वकिलाने खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं. मी तिथेच बसून लिहिलं, वहिनी साल आणि महिना सांगत होत्या.