थिबाच्या गावाला

मंडाले, नोव्हेंबर 2018

तिकीट मिळालं. फक्त ते माझ्या नावाचं नाही, वडिलांच्या नावाचं आहे. वडील सध्या रत्नागिरीत पेपर वाचत बसलेत, आणि त्यांना पहाटे चारच्या गाडीत बसवायची ताकद ब्रह्मदेशच्या सरकारातही नाही.

कारखान्यात मशिनं बसवायला मला इथे धाडलंय. शनिवार-रविवार मोकळा, म्हटलं थिबाच्या गावाला जाऊन यावं. शान डोंगरातलं हे निवांत गाव गोरे टुरिस्ट ‘सीपॉ’ म्हणतात, बर्मी लोक ‘थीबॉ’. आपला थिबा राजा या गावाच्याच नावाने ओळखला गेला. ‘आपला’ म्हणजे ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, 1885 साली इंग्रजांनी याच मंडालेतून उचललेला आणि पुढच्या वर्षी आमच्या रत्नागिरीच्या गळ्यात घातलेला. आमच्याकडे थिबा म्हणजे पॅलेस, नाहीतर पॉइंट. थिबा हे मुळात गाव आहे, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

गाडी पोचणार दुपारी तीननंतर. परतीची रविवारी सकाळी दहाच्या आतच. म्हणजे शांत गावात शांतता मिळणार अठरा-एकोणीस तास, त्यातले दहा तास दुखरी हाडं मोजण्यात. बस निम्म्या वेळात नेते. पण मग गोटेकचा पूल हुकतो. 1901 सालचा, दरीपासून शंभरेक मीटर उंच, आणि गाडी त्याच्यावरून वरातीच्या चालीने जाते.

तिकीट खिडकीपाशी मी तीनदा ‘थिबा’ म्हणालो. गालांना तनाखा, म्हणजे झाडाची साल उगाळून केलेला लेप, लावलेली ती क्लार्क बाई तीनदा गोड हसली. चौथ्यांदा तोंड उघडणार, तोच मागचे चाचा पुढे आले. लुंगी, गालात पान, हातात चार पुडांचा डबा. हिंदी आमच्या मुंबईच्या हिंदीपेक्षा चांगली.

“कहाँ के हो, बेटा?”

“रत्नागिरी.”

चाचांचं पान चघळायचं थांबलं. “वही, जहाँ हमारे राजा को रखा था?” आणि हे त्यांनी सगळ्या रांगेला बर्मीत सांगितलं. दहा-बारा माना वळल्या. जणू कडी मीच लावली होती.

“चाचा, इंग्रजांनी ठेवलं. पॅलेस बांधून दिला की!”

“कब बना?”

इथे मी खरं बोललो. 1910. आला 1886 साली. चाचांनी बोटांवर हिशेब केला. “चौबीस साल पराए मकान में?” रांग हळहळली. “फिर?” फिर काय, 1916 साली गेला. “कब्र?” तीही तिथेच. “मतलब, वापस भी नहीं किया.” टोपलीवाली एक बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, की तिची काहीतरी वस्तू मी नेलीय.

मग चाचांचा शेवटचा घाव. “राजा को तीस साल रखा, और तुम उनके गाँव जाओगे दो दिन?” भाषांतर झालं. क्लार्क बाई पहिल्यांदा मनापासून हसली. पुढे माझा कार्यक्रम रांगेनेच ठरवला. पूल डाव्या बाजूने छान दिसतो की उजव्या, यावर दोन तट पडले. मला कुणी विचारलं नाही.

गणपतीत गावी जायला 120 दिवस आधी तिकिटाला झुंजणारा मी, इथे आदल्या दिवशी तिकीट मिळतंय म्हणून हरखलो होतो. त्यात हे. मी थिबा पॅलेसला आयुष्यात एकदा गेलोय, शाळेच्या सहलीत, आणि त्यातली मला फक्त भेळ आठवते. त्या पॅलेसचा जाब मी द्यायचा? उत्तर सुचलं रात्री, मच्छरदाणीत: आमचा बहादूरशाह जफर तुमच्या रंगूनमध्येच पुरलाय की, चाचा, फिटंफाट! पण रात्री चाचा कुठून आणायचे?

तिकीट काढताना पासपोर्टवर नाव पाहून क्लार्क बाई अडखळली होती. बर्मी माणसाला आडनाव नसतं. एका माणसाची तीन नावं म्हणजे तीन माणसं. चाचांनी वाकून मधल्या नावावर बोट ठेवलं. “असली नाम यही है.” मी ओरडेपर्यंत शिक्का बसला, आणि बदलायला गेलो तेव्हा ‘उद्या या’. उद्या पहाटे चारला गाडी!

वडिलांना फोन केला. “तुमच्या नावावर तिकीट निघालंय.”

“खिडकीचं आहे का?”

खिडकीचं नव्हतं. ते चाचांनी काढलंय. लाशोला लेकीकडे चाललेत, माझ्या शेजारूनच.